डॅनफर्थचा अडकित्ता

काकूचा फोन आला तेव्हा मी डिशवॉशरमधून भांडी काढत होते. दुपार होती. खिडकीबाहेर बारीक बर्फ भुरभुरत होतं, पडावं की नाही हे त्याचं अजून ठरलं नसावं तसं. "नंदा, काका गेले गं," काकू म्हणाली. आणि जरा थांबून, "झोपेतच." माझ्या हातात एक वाटी होती, अजून गरम. ती मी कपाटात ठेवली नाही. टेबलावर नेऊन ठेवली, तिच्यापासून वीतभर अंतरावर दुसरी ठेवली, मग तिसरी... काका स्टेशनं मांडायचे तशी. मी काय करतेय ते लक्षात आलं आणि तिथेच खुर्चीत बसले.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. सत्तरच्या दशकात इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत लिफ्ट तपासायचं काम करत राहिले. "लिफ्ट वर जाते का, हे कुणीही बघेल," ते म्हणायचे, "दोर तुटला तर ती जागच्या जागी थांबते का, हे बघायचे मला पैसे मिळायचे." माणसांनाही त्यांनी हाच नियम लावला. लग्न होऊन मी कॅनडात आले तेव्हा मला घ्यायला विमानतळावर आले नाहीत. बसनं ये म्हणाले. दोन बॅगा ओढत, रडत, दोनदा रस्ता चुकून मी ओकव्हिलला पोचले, तर हे दारात उभे. "आता हा देश तुला घाबरवणार नाही," म्हणाले, आणि बॅगा उचलून आत गेले. त्यांच्यावरचा तो राग मी पुष्कळ दिवस जपून ठेवला होता.

आम्ही ब्रॅम्पटनला राहतो. तिथून त्यांचं घर गाडीनं अर्ध्या तासावर. ट्रेननं जायचं तर आधी टोरांटोच्या युनियन स्टेशनवर, तिथे गाडी बदलून तळ्याकाठानं ओकव्हिल, आणि पुढे बस. नाकासमोरची वाट सोडून गावाला वळसा. माझी मुलगी जुई चौदा वर्षांची झाली तेव्हा काकांनी जाहीर केलं, की ती त्यांच्याकडे एकटी येईल, याच वळशानं.

त्या हिवाळ्यात दर रविवारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर तयारी चाले. लोणच्याची बरणी म्हणजे ब्रॅम्पटन. मिसळणाचा डबा म्हणजे युनियन, कारण त्यात पुष्कळ वाट्या, तशा तिथे पुष्कळ फलाट. काकांचा चहाचा कप ओकव्हिल. निळा नॅपकिन म्हणजे तळं, आणि चमचा ही गाडी. जुई चमचा पुढे सरकवायची, आणि काका मध्येच बोटानं तो भलतीकडे ढकलायचे.

"बसलीस चुकीच्या गाडीत. आता?"

"आजोबा, आय हॅव अ फोन."

"बॅटरी मेली."

"पॉवर बँक."

"ती आईच्या पर्समध्ये राहिली."

"यू आर सो मीन."

"मीन तर मीन. सांग, आता काय?"

आणि ती पाठ केल्यासारखं म्हणायची, पुढचं स्टेशन आलं की उतरायचं. बाकावर बसायचं. पाणी प्यायचं. बोर्ड वाचायचा. नाहीच कळलं तर कुणाला तरी विचारायचं. आईला फोन सगळ्यात शेवटी. पोचायचं कसं हे काकांनी तिला जवळजवळ शिकवलंच नाही, ते बोर्डावर लिहिलेलं असतं म्हणाले. त्या निळ्या नॅपकिनाच्या काठानं चमचा हळूहळू चालायचा, बाहेर खरं तळं धुक्यात विरघळून गेलेलं असायचं, आणि बसल्या जागी मलाही कुठेतरी निघाल्यासारखं वाटायचं. मग काका माझ्याकडे वळले. "नंदा, तू तिला स्टेशनवर सोडायचं आणि घरी जायचं. वचन दे." मी दिलं.

ते मी पाळलं नाही. आजवर हे कुणाला सांगितलं नव्हतं. जुईला निरोप दिला, गाडीशी परत आले, नवऱ्याचं जाड जॅकेट डिकीत होतं ते चढवलं, टोपी डोळ्यांवर ओढली आणि शेवटच्या डब्यात चढले. युनियनला गर्दीत तिची लाल बॅग दिसत राहिली. ती फलाटावर गेली, गाडीत बसली, मी मागच्या डब्यात. गाडी सुटली आणि मला कळलं की ही उलटी, पूर्वेकडे चाललीय. त्या क्षणी मला काय वाटलं असेल? भीती वाटली, पण खरं सांगायचं तर तिच्याआधी बरं वाटलं. मी आले ते योग्यच केलं, असं.

पुढचं स्टेशन डॅनफर्थ. जुई उतरली. मी खांबाआड. भोवती पांढरंशुभ्र, आवाज सगळे कापसात गुंडाळल्यासारखे. ती बाकावर बसली. बाटली काढून पाणी प्यायली. मग मान वर करून बोर्ड वाचू लागली, ओठ हलत होते तिचे... आणि मी पुढे होऊन "जुई" अशी हाक मारली. पुढच्या गोष्टी ती करणार होती. तेवढंही मी थांबले नाही.

तिनं माझ्याकडे पाहिलं, जॅकेटकडे पाहिलं. "आई, आय वॉज फिक्सिंग इट," म्हणाली. रडली नाही. परतीच्या गाडीत माझ्या शेजारी बसली नाही, आणि युनियनला मला म्हणाली, आता तू घरी जा.

संध्याकाळी काकांचा फोन. आवाज कोवळा झाला होता. "पोरगी चुकली, आणि एकटी परत वळून इथे पोचली. चुकल्याचं स्वतःच सांगितलंन." जुईनं मला वाचवलं होतं. दुसऱ्या दिवशी काकांनी टेबलाच्या पार टोकाला, मिसळणाच्या डब्याच्या पलीकडे, आपला पितळी अडकित्ता ठेवला. ते डॅनफर्थ. तो त्यांनी तिथून कधी हलवू दिला नाही. गणपतीला, दिवाळीला येईल त्याला बोटानं दाखवत ती गोष्ट सांगायचे. मी पानं वाढत राहायचे. जुई उठून बेसमेंटमध्ये जायची.

त्यानंतर ती एकटी ट्रेननं गेली नाही. लायसन्स मिळाल्यावर तर प्रश्नच उरला नाही. एकदा आमचं कशावरून तरी वाजलं तेव्हा म्हणाली, "आजोबा थिंक आय डिड इट. मी केलं असतं का, मला कधीच कळणार नाही."

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या भेटीत काका म्हणाले, "जुईला म्हणावं, ट्रेननं ये. तिला येतं." सांगायची तीच वेळ होती. मी त्यांच्या पायांवरचं ब्लँकेट सारखं केलं. ते गेल्यावर काकूला मात्र सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना नव्हतं माहीत. मलाही नव्हतं. आता मला सांगून मोकळी होऊ नकोस, तिच्याशी बोल."

घरी आल्यावर बोलले. जुई विशीची झालीय आता. तिनं ऐकून घेतलं, आणि नुसतं "ओके" म्हणाली.

गेल्या शनिवारी मी आधीच काकूकडे गेले होते. जुई कळवून निघाली, ट्रेननं येते. मी टेबलाशी बसले, काकांच्या खुर्चीत. बाहेर धुकं उतरलं होतं. पोचायची वेळ टळून गेली. काकू दोनदा म्हणाली, "फोन तरी कर गं." फोन माझ्यासमोरच होता. मी तो पालथा घातला आणि हात मांडीवर ठेवले. काका याच खुर्चीत त्या दिवशी असेच बसले असतील... मनातल्या मनात चमचा सरकवत.

बेल वाजली. जुई आत आली, गाल लाल, बुटांना बर्फ.

"इतका उशीर?" काकू म्हणाली.

"डॅनफर्थला गेले होते आधी."

"अगं, ते उलट्या बाजूला."

"माहितीय, आजी. बाकावर बसले थोडा वेळ. पाणी प्यायले. मग आले."

माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. टेबलाच्या टोकाशी गेली, अडकित्ता उचलला, उघडला, मिटला, आणि होता तिथेच ठेवला.

काकूनं ताटं घेतली. लोणच्याची बरणी, डबा, सगळं तिनं जेवणासाठी बाजूला केलं. अडकित्त्याला मात्र वळसा घालून ताट मांडलं.