सकाळी डॉक्टर नसतात

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आज तुम्हाला का सांगतोय, तेही नीटसं कळत नाही.

माझ्या आत्याचे डोळे काचबिंदूने गेले, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. तेवढं खरं आहे.

मध्य भारत हे वेगळं राज्य होतं, हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर, त्या दिवसांतली गोष्ट. उन्हाळा आला की ग्वाल्हेरची कचेरी बाडबिस्तऱ्यासकट इंदूरला यायची — आणि तिच्याबरोबर आमचे साहेब. साहेब सकाळी बॅडमिंटन खेळायचे. मी नवा कारकून, त्यांच्याकडून हरायला जायचो. हसू नका. बढत्या अशाच मिळायच्या.

त्याच उन्हाळ्यात आत्याला सकाळच्या पूजेत समईभोवती रंगीत कडी दिसू लागली. विधवा बाई, मूलबाळ नाही; आईमागे मला तिनेच वाढवलेलं. कचेरी सुटल्यावर मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यातला दाब ठीक निघाला. पण डॉक्टर म्हणाले, हा दाब दिवसभर सारखा नसतो. काहींचा सकाळी चढतो, मग उतरतो. उठल्याउठल्या घेऊन या, तेव्हाच खरं काय ते कळेल.

उठल्याउठल्या — म्हणजे नेमकं बॅडमिंटनच्या वेळी.

मग मी काय केलं? आत्याला सांगितलं, सकाळी डॉक्टर नसतात. आणि डॉक्टरांना सांगितलं, सोवळ्यातली पूजा झाल्याशिवाय ती उंबरा ओलांडत नाही. त्यांना लगेच पटलं. आमच्या म्हाताऱ्या बायकांबद्दल असलं काहीही पटतं. ती तर म्हणाली होती, "देव थांबेल रे, तू चल." उन्हाळाभर मी तिला संध्याकाळीच नेत राहिलो. दाब ठीकच येत राहिला, आणि मी — लाज वाटते — खूश होत राहिलो.

कचेरी ग्वाल्हेरला परतली तोवर तिचा एक डोळा गेला होता. दुसऱ्याला समोरचं ताट तेवढं दिसे, पुढे तेही नाही. या रोगात गेलेली नजर परत येत नाही. डॉक्टर हळहळले, "माँजी, पूजा जरा बाद में कर लेतीं."

आत्याने तोंड माझ्याकडे वळवलं. तिला कळलं — कळलेलं मला दिसलं. मग ती डॉक्टरांना म्हणाली, "हां, गलती मेरीच है."

मला बढती मिळाली. ती कितीतरी वर्षं भिंत चाचपत घरात वावरली. एका शब्दाने मला बोलली नाही. मी तरी कुठे बोललो?

तिच्या तेराव्याला पंगतीत काका म्हणाले, "फार देवदेव केलं, त्यापायी डोळे घालवले बघ." मी वाढत होतो. "हो ना," म्हणालो, आणि पुढच्या पानाकडे वळलो.