देवसहायमची हलगी

देवसहायमचं ख्रिस्ती होण्याआधीचं नाव सडैयन. तमिळ मुलखातल्या आमच्या परैयर वस्तीत हलगी वाजवावी ती त्यानंच. गावात वरच्या जातीचं कोणी मेलं की बोलावणं यायचं, आणि अंगात ताप असला तरी जावंच लागायचं. मढ्यापुढे वाजवतो म्हणून आम्ही विटाळाचे, आणि आम्ही वाजवल्याशिवाय त्यांचं मढं काही हलत नसे!

गोरे पाद्री आले, वस्ती ख्रिस्ती झाली, तेव्हा चर्चमध्ये सगळ्यांनी शपथ घेतली: यापुढे वरच्या जातीच्या मयताला वाजवायचं नाही. सर्वांत मोठ्यानं देवसहायमच बोलला. त्यापायी गावच्या जमिनीचा मालक असलेल्या मिरासदारानं आमचं शेतावरचं काम तोडलं, विहिरीच्या वाटेत काटे टाकले. उपाशी राहिलो, पण वाकलो नाही.

मग मिरासदारच वारला. त्याच्या मुलानं शेजारगावचे वाजवणारे आणले. आपल्यातलं कोणी फुटू नये म्हणून आम्ही वाटेवर उभे राहिलो, देवसहायम सगळ्यांच्या पुढे. वाजवणारे अगदीच कच्चे. चामडं न तापवताच बडवत होते.

"अरे, जाळावर धरा तरी!" तो ओरडला. "मढं कंटाळून उठून बसेल!"

आम्ही हसलो. तेवढ्यात त्यानं एकाच्या हातातली हलगी ओढून घेतली, वाटेकडेचं गवत पेटवून त्यावर धरली आणि वाजवायला लागला. बायको एस्तर त्याला अडवायला धावली. त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाजवत वाजवत थेट स्मशानात गेला.

मिरासदाराचा मुलगा आमच्याकडे वळला. "काय रे, संपली शपथ? आता बोलावणं आलं की गुमान यायचं!"

आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी देवसहायम चर्चबाहेर धुळीत बसला. उपदेशक ज्ञानमुत्तूंनी त्याला हाताला धरून आत आणलं.

"सांग सगळ्यांना, मिरासदाराच्या माणसांना भ्यालो म्हणून वाजवलं. भीती कोणाला नसते? माफ करतील."

आम्ही माना डोलावल्या. तेवढं म्हणाला असता तर आमचीही लाज राहिली असती.

"भ्यालो नाही, उपदेशक अय्या," तो खाली बघत म्हणाला. "बरं वाटलं. इतक्या दिवसांनी हातात आली, फार बरं वाटलं."

एस्तरनं पदरात तोंड लपवलं. आम्ही कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. तो वाजवत निघाला तेव्हा आमचेही पाय ठेका धरत होते, आणि ते त्यानं पाहिलं होतं.