युरियाच्या पिंपातला गारवा

आमच्या घरात दुखणं सांगायची पद्धत नव्हती. वडील लवकर गेले, जमीन नव्हती. माय निंदणीला, कापूस वेचायला जायची आणि माझा थोरला भाऊ दिलीप दहावीनंतर केळी कटाईच्या टोळीत लागला. कापलेला घड खांद्यावर घ्यायचा, चिखलातून रस्त्यावरच्या ट्रकपर्यंत न्यायचा, परत फिरायचं. संध्याकाळी खांदा सुजलेला असायचा. माय विचारायची नाही, तोही बोलायचा नाही. कारण दुखतंय म्हटलं की उद्याचा खाडा डोळ्यांपुढे यायचा. त्याच घरातून मी जळगावला कॉलेजात गेले आणि रसायनशास्त्राची पदवी घेतली. घराण्यातली पहिली. हे मी अभिमानानं सांगते, आणि भाऊ तर माझ्यापेक्षा मोठ्यानं सांगायचा.

काही आठवड्यांपूर्वी मी धुळ्याच्या शाळेत वर्गावर शिकवत असताना आमच्या गावाजवळच्या चोपड्याहून फोन आला. मजुरांना नेणारी गाडी वळणावर उलटली होती. बाकीचे वाचले, भाऊ गेला... भेटायला आलेला प्रत्येक माणूस त्याच्या कष्टांबद्दल बोलला. कष्ट केलेच त्यानं. पण मला राहून राहून आठवतात ते त्याचे प्रश्न. साध्या गोष्टीपाशी थबकायचा, मान तिरकी करायचा आणि विचारायचा, असं का बरं होतं?

त्याचं पळणंही एका प्रश्नातूनच सुरू झालं. जळगावला धावण्याची स्पर्धा होती आणि धावणाऱ्यांना वाटायची केळी घेऊन तो टेम्पोबरोबर आला होता. मी हॉस्टेलवरून त्याला भेटायला गेले, तर क्रेट उतरवायचे सोडून हा रस्त्याकडे बघत उभा. मला म्हणाला, "ह्या लोके का बरं पयतस वं? मांगे तं कोनीच नही." ही माणसं का पळतात, मागे तर कोणीच नाही! मी हसले. त्याला मात्र त्याचं उत्तर हवं होतं. पुढच्या रविवारी तो पाटाच्या रस्त्यानं एकटाच पळाला, आणि मग दर रविवारी. हळूहळू अंतर वाढलं आणि पूर्ण मॅरेथॉन पळायची हे त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

अडचण सोमवारची होती. रविवारी लांब पळालं की सोमवारी पोटऱ्या दगड झालेल्या, आणि लंगडणाऱ्या माणसाला टोळीत कोण घेणार? घड आपटला की माल काळा पडतो. मुकादम पहिले काही सोमवार नुसता बघत होता. मग एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे दिलीप, काल कुत्रं मांगे लागेल व्हतं का?" टोळी खो खो हसली. भाऊही हसला. पण त्या दिवशी मुकादमानं त्याला घरी पाठवलं, आणि पुन्हा लंगडत आलास तर तुझ्या जागी दुसरा घेईन, असंही बजावलं. म्हणजे पळणं सोडायचं, नाहीतर कटाई. कटाई सोडणं शक्यच नव्हतं.

मोठे धावपटू पळून आल्यावर बर्फाच्या पाण्यात बसतात, हे त्यानं मोबाईलवर पाहिलं होतं. पण आमच्या उन्हात चोपड्याहून बर्फ आणायचा म्हणजे घरी पोचेपर्यंत ओलं पोतंच उरायचं. ज्या मळ्यात तो कटाईला जायचा, तिथे ठिबकमधून खत सोडायचं कामही त्याच्याकडे होतं. पिंपात पाणी घ्यायचं, युरिया ओतायचा, काठीनं ढवळायचं. ढवळताना पिंपाला बाहेरून घाम फुटतो, हे आमच्याकडच्या प्रत्येकानं पाहिलेलं असतं. त्यानं मला फोन केला. "मंगल, युरिया टाका का पानी इतलं थंड का बरं व्हस वं?" मी सांगितलं, विरघळायला युरियाला उष्णता लागते, ती तो पाण्यातूनच ओढून घेतो. मग म्हणाला, "मंग मन्हा पायमातूनबी वढी ली का?" माझ्या पायांतूनही ओढून घेईल का...

पुढच्या रविवारी तो थेट पिंपात उतरला. गार वाटलं, पण खरचटलेल्या जागा चुरचुरल्या. तसाच घरी येऊन ओट्यावर बसला, तर शेळी येऊन त्याच्या नडग्या चाटायला लागली. युरियाचं पाणी पोटात गेलं तर जनावर दगावतं, म्हणून माय झाडू घेऊन धावली. आधी शेळीला हाकललं, मग ह्याला. "पायसनं लोणचं घाली ऱ्हायना का रे?" पायांचं लोणचं घालतोयस का, म्हणे. नंतर त्यानं डोकं लढवलं आणि केळीच्या घडाला घालतात त्या पिशव्या मांड्यांपर्यंत चढवून पिंपात उभा राहिला. त्या पिशव्यांतून हवा खेळते, म्हणजे पाणीही जाणारच. रोज त्या घडांवर चढवणाऱ्या माणसाला हे पाय भिजल्यावर आठवलं! शेवटी झाकणाचे कॅन विहिरीच्या पाण्यानं भरून पिंपात बुडवायचे, गार झाले की बाहेरून धुऊन एका कापलेल्या पिंपात ओतायचे आणि त्यात उभं राहायचं, असं जमलं. युरिया ठरल्याप्रमाणे केळीला जायचाच.

गुण येतो की नुसतं वाटतं, हे बघायला मी त्याला एकच पाय बुडवायला सांगितलं. मग मी फोनवरून आणि माय ओट्यावरून, दोघी विचारायचो, "कोनता पाय जास्त दुखस?" तो डोळे मिटून, नीट अंदाज घेऊन सांगायचा. बहुतेक वेळा कोरडा पाय. एकदा मात्र भिजवलेलाच जास्त दुखला, आणि त्याचा त्याला कोण आनंद! "हाई का बरं व्हयनं?" हे असं का झालं, म्हणून दिवसभर तेच. मी वाचून सांगितलं, गारव्यानं दुखणं कमी जाणवतं, पण ताकद वाढायला त्याची मदत होईलच असं नाही, उलट अडथळाही होऊ शकतो. तो म्हणाला, "माले ताकद नको. ती घडसनी भरपूर दिधी. माले सोमवारले चालता येवाले पायजे." ताकद घडांनीच भरपूर दिली होती, त्याला सोमवारी चालता यायला हवं होतं.

मॅरेथॉन नाशिकला होती. मी शेवटच्या रेषेपाशी उभी होते. तो आला तेव्हा खांदे थोडे पुढे झुकलेले, जणू वर घड आहे. पाणी प्यायला, बसला नाही, मला म्हणाला एस.टी. गाठायची. घरी पोचला तेव्हा मायनं कॅन मळ्यातल्या पिंपात आधीच गार करून आणून ठेवले होते. ह्या खेपेला दोन्ही पाय बुडवले. सकाळी मुकादमानं त्याला ट्रकपासून थेट बागेच्या टोकापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. तो चालून गेला, चालत परत आला. मुकादमानं पहिला घड उचलून त्याच्या खांद्यावर दिला.

माझ्या भावानं रविवारी पूर्ण मॅरेथॉन संपवली आणि सोमवारी दिवसभर केळीचे घड वाहिले.