जोडावरचा सलग रूळ

काकांनी दोन फळ्यांच्या जोडावरून सलग रूळ टाकला, तेव्हा माझा संशय पक्का झाला. ज्याला घर सोडायचंय तो माणूस असा जोड बुजवत नाही.

काका दिल्लीत केंद्र सरकारच्या एका खात्यात नकाशे काढत आणि निवृत्त व्हायला आले होते. त्यांच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत, कमरेच्या उंचीवर, प्लायवूडच्या दोन मोठ्या फळ्या शेजारी शेजारी बसवलेल्या होत्या आणि त्यांवर छोटी रेल्वे उभी राहत होती. खऱ्या सत्त्याऐंशी फुटांचा तिथे एक फूट. रूळ परदेशातून कुणीतरी आणून दिलेले, स्लीपर आइस्क्रीमच्या काड्यांचे, खडी म्हणजे चाळलेली यमुनेची वाळू. चाकं करोल बागेत मोटारच्या सुट्या भागांच्या गल्लीतल्या एका लेथवर पितळेतून कातून घेतलेली. तिथला मिस्त्री दर वेळी विचारायचा, "बाबूजी, ये किस गाड़ी का पुर्ज़ा है?"

माझी त्यांची ओळख मराठी मंडळाच्या वाचनालयात झाली. माझ्या चष्म्याची दांडी मोडली होती आणि ती मी तांब्याच्या तारेनं बांधली होती. काकांनी चष्मा काढून मागितला आणि उलटसुलट करून पाहिला.

"हे कुणी केलं?"

"मीच."

"रविवारी घरी ये. वॅगन करायच्यात." मग चष्मा परत देता देता, "कुठे असतोस नोकरीला?"

मी म्हटलं, सरकारी घरं वाटणाऱ्या कार्यालयात, क्लार्क आहे.

"अच्छा," काका म्हणाले.

त्या 'अच्छा'वर मी पुढे कित्येक महिने विचार केला.

आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. गावातल्या शिक्षकांनी फीचे पैसे भरले नसते तर मीही वडिलांसारखी बाजार समितीत पोती उचलली असती. दिल्लीला निघताना वडिलांनी एकच सांगितलं होतं, "कुणी चहा पाजला तर पिण्याआधी बघ, का पाजतोय." काका-काकू तर चहाच्या पुढे गेले होते. पहिल्या हिवाळ्यात काकूंनी रजई दिली. खात्याच्या परीक्षेसाठी काकांनी इंग्रजी पत्रलेखन शिकवलं. दर वेळी मी मनापासून आभार मानायचो आणि जिना उतरताना हिशेब लावायचो, की हा माणूस लवकरच निवृत्त होणार, याला क्वार्टर सोडावं लागणार, आणि मुदतवाढीचा अर्ज माझ्याच टेबलावर येणार.

काम मात्र मी जीव ओतून करायचो. जुन्या फाइलींच्या पुठ्ठ्याच्या मालवाहू वॅगन. बाजूंवर उभ्या पट्ट्या, दारांना टाचणीच्या कड्या, छताला ओल्या पुठ्ठ्याचा बाक. एका वॅगनला तीन-चार रविवार लागत. काका भिंगातून पाहायचे आणि म्हणायचे, "दार नीट सरकेल. पण हमालानं पाय कुठे ठेवायचा?" मग मी पायरी करायचो. वडील कसे चढतात ते मला माहीत होतं.

आणि मग तो सलग रूळ. मला वाटलं, यांनी मनाशी ठरवलंय की आपण इथून हलत नाही, आणि ते कुणाच्या भरवशावर, हे सांगायला नको.

अर्ज आलाच. निवृत्तीनंतर मिळते ती नेहमीची मुदत संपत आली होती. पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे, आणखी दोन महिने राहू द्यावं; सोबत डॉक्टरांचा दाखला. काकांनी मला अर्जाबद्दल अक्षरही सांगितलं नव्हतं. मला तीसुद्धा चाल वाटली. आजारपणासाठी जादा मुदत देणारा परिच्छेद नियमात होता, मला तो पाठ होता. मी तो नोटशीटवर लिहिला नाही. फक्त नेहमीच्या मुदतीचा नियम लिहिला आणि खाली, 'मागणी नियमात बसत नाही.' सेक्शन ऑफिसरसाहेबांनी सही केली. आपण विकले गेलो नाही, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला.

पुढच्या रविवारी गेलो तर काका हॅकसॉची पात चिंधीत धरून तोच रूळ कापत होते. बरोबर जोडावर.

"काका, हे काय?"

"अरे, यासाठीच तर सलग टाकला होता. आधी अखंड टाकायचा, जोडाच्या दोन्ही बाजूंना पितळी स्क्रूवर सोल्डरचा डाग देऊन पक्का करायचा, आणि शेवटी कापायचा. म्हणजे फळ्या सुट्या करून कुठेही नेल्या, तरी टोकाला टोक भिडतं. दोन तुकडे वेगवेगळे बसवले की गाडी घसरलीच." त्यांनी पितळेचा भुगा फुंकला. "नकार आलाय. महिनाअखेर निघायचं. फरीदाबादला मुलाकडे दोन खोल्या, तिथे हे माळ्यावर जाणार. पलीकडचं वळण राहिलं. इथे एक पुरा फेरा झाला असता तर झाला, आता होत नाही."

पलंगावरून काकू म्हणाल्या, "मला जिना उतरवतील ना, तुमच्या फळ्यांच्या आधी?"

"फळ्या नाजूक आहेत," काका म्हणाले.

मी चहा न पिताच निघालो.

सोमवारी मी तो परिच्छेद वेगळ्या कागदावर लिहून साहेबांपुढे ठेवला. त्यांनी वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पहले क्यों नहीं लिखा?"

"छोड़ दिया था, सर."

"और अब याद आ गया. कोई मिलने आया था?"

"मैं ही जाता हूँ, सर, उनके घर. हर इतवार. इसीलिए छोड़ा था."

साहेबांनी तो कागद फाइलीत लावला. मग म्हणाले, "अजीब आदमी हो. लोग जान-पहचान में जोड़ते हैं, तुम काटते हो." फाइल त्यांनी दुसऱ्या क्लार्ककडे दिली आणि मला त्याच आठवड्यात डाक पाठवण्याच्या टेबलावर बसवलं. जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे पाहून आवाज खाली येऊ लागले.

दोन महिने मंजूर झाल्याचं पत्र काकांना मिळालं. मी गेलो तेव्हा ते पत्र त्यांच्या हातातच होतं.

"हे तू केलंस? मी सांगितलं नव्हतं."

"नियमातच आहे, काका."

"मग आधी नाही कसं म्हणाले?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी फक्त परिच्छेदाचा क्रमांक विचारला आणि कागदावर लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आमच्या कार्यालयात आले, माझ्या टेबलावरून पुढे गेले आणि साहेबांकडून नियमांचं पुस्तक मागून उभ्यानं वाचून गेले.

रविवारी दार त्यांनीच उघडलं.

"आहे. बिल्कुल आहे," ते म्हणाले. "भीक नाही, हक्क आहे. म्हणून राहतोय."

"मला वाटलं, तुम्ही मला त्यासाठीच बोलावता."

ते खाली बसले. "वॅगनसाठी बोलावलं. पण ऑपरेशन ठरलं तेव्हा मनात आलं होतं. हिला म्हटलं, पोराला विचारू का? ही म्हणाली, विचारलंत तर तो पुन्हा आपल्याकडे चहा घेणार नाही."

"न विचारताही घेतला नाहीच," काकू म्हणाल्या.

राहिलेलं वळण आम्ही त्या दोन महिन्यांत पुरं केलं. बोलणं कामापुरतं होई: पकड दे, थोडं डावीकडे, धर. वळण जुळल्यावर काकांनी इंजिनामागे माझ्या सहा वॅगन लावल्या. काकू वॉकर घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. गाडी निघाली, कापलेल्या जोडावर दोनदा टकटक वाजली, वळणात शिरली, टेकडीमागून बाहेर आली आणि स्टेशनात येऊन थांबली.

"झालं?" काकूंनी विचारलं.

"पुन्हा," काका म्हणाले.

वेग कमीजास्त करायची मूठ त्यांनी मला दिली नाही आणि मीही मागितली नाही. मी वळणापाशी गुडघे टेकून बसलो, एखादी वॅगन घसरलीच तर उचलायला.