अण्णाची गाडी आणि माझा तीसचा स्पीड

आमच्या घराण्यात आजवर कुणी कशालाही पळवलेलं नाही. बैलगाडी असो, सायकल असो की लग्नाची बोलणी, सगळं बेतानं. अपवाद एकटा माझा थोरला भाऊ, अण्णा. त्यानं पंचवीस वर्षं आखातात घाम गाळला आणि बेळगावच्या कॅम्पातल्या एका निवृत्त लष्करी साहेबाकडनं जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेतली. लाल, दोन दारांची, प्रत्येक स्पीडब्रेकरला पोट घासणारी. जन्मात स्वतःसाठी केलेली त्याची ही एकच चैन.

गेल्या वर्षी मस्कतला परत जाताना त्यानं किल्ली माझ्या हातात ठेवली.

"हिच्या इंजिनात पिस्टन न्हाय, रोटर हाय. गरगर फिरतोय. ध्यानात ठेव, रोज एकदा तरी इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा लाल रेषेपर्यंत न्यायचा. न्हायतर आत काजळी धरती आणि गाडीचा दम जातोय. कळलं रं?"

मी मान डोलावली. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या बायकोनं, सुमननंही डोलावली. (तिची मान पुढं कामाला आली. माझी नुसतीच डोलली.)

आता मी पडलो निपाणीतल्या हायस्कुलात गणिताचा मास्तर. दुसऱ्याची वस्तू आपल्या वस्तूपेक्षा जपून वापरावी, ही आमच्या आईची शिकवण. आणि लाल रेषेचं म्हणाल, तर ती थांबण्यासाठी असते. वह्या तपासताना मी स्वतःच मारतो! तेव्हा अण्णा काहीही म्हणो, मी गाडी तीसच्या वर नेली नाही. रोज सकाळी शाळेपर्यंत जायचं, संध्याकाळी मित्राच्या तंबाखूच्या जुन्या वखारीत लावायची आणि वर गोधडी घालायची. थंडीत दोन. आपण भावाची गाडी किती मायेनं सांभाळतोय, या विचारानं मला झोपही छान लागायची.

वर्षभरानं सुमनला घेऊन तवंदीचा घाट चढत होतो. अर्ध्या घाटात गाडी खोकली. मी ॲक्सिलरेटर दाबला, तर ती आणखी हळू झाली. मागनं उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आला आणि आम्हाला ओलांडून पुढं गेला. ड्रायव्हरनं वळून विचारलं, "गुरुजी, दोर टाकू काय?"

सुमन म्हणाली, "अहो, टाकू द्या की. लवकर पोचू."

त्याच संध्याकाळी अण्णाचा फोन. "आईतवारी येतोय रं. आल्या आल्या गाडी काढायची आणि कणकुंबीला जायचं. चढाला तिचा आवाज ऐकायचाय. वर्षभर तेवढंच कानांत घुमतंय बघ."

घाटात ट्रॅक्टरनं मागं टाकलेली गाडी मी त्याच्यापुढं कुठल्या तोंडानं उभी करणार होतो? हातात चारच दिवस होते.

चिकोडीहून बसू मेस्त्रीला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"सर, पिस्टन कुठं हाय?"

"न्हाय."

"चोरीला गेलं?"

"मुळातच न्हाय. आत तिकोनी रोटर असतोय."

"समोशागत?"

"व्हय."

"मग मला कशाला बोलावलं? हलवायाला बोलवायचं," असं म्हणून बसूनं अवजारं गोळा केली. मी त्याला चहा पाजून बसवलं. हुबळीतल्या आपल्या गुरूला त्यानं फोन लावला, कानडीत अर्धा तास बोलला आणि हुशार होऊन उठला.

आधी त्यानं एअर फिल्टर काढून झटकला. त्यातनं वखारीतली वर्षभराची तंबाखूची पूड उडाली. बसू शिंकला, मी शिंकलो, सायकलवरनं चाललेला पोस्टमन शिंकून खाली उतरला. मग नवे प्लग आले. गाडी जरा हुशारली, पण काजळी आतच.

"गुरू म्हणतोय, इंजिन पळवत ठेवून बारीक नळीतनं कोमट पाणी पाजायचं. वाफेनं काजळी सुटतीया."

सुमननं तपेल्यात पाणी कोमट करून दिलं. बसूनं इंजिन पेटवलं, मी नळी धरली. पाणी आत गेलं मात्र, मागनं असा पांढरा धूर निघाला की समोरचं घर दिसेनासं झालं. धुरासोबत काळे कण उडू लागले. गल्ली बाहेर आली. कुणी बादल्या आणल्या. त्यातली एक नेमकी माझ्याच डोक्यावर रिकामी झाली. धूर निवळला, तेव्हा शेजारच्या कमळाक्का बाजेपाशी उभ्या होत्या.

"मास्तर, म्या उडदाचं पापड वाळत घातलंतं. हे नाचणीचं कुठनं आलं?"

मी दुसऱ्या दिवशी उडदाचं पीठ आणून दिलं आणि बायकोबरोबर पापड लाटायला बसलो. माझ्या पापडांना कोपरे आले.

"आता शेवटचं औषध," बसू म्हणाला. "घाटात न्यायची आणि लाल रेषेपर्यंत हाणायची."

शनिवारी घाटाच्या पायथ्याशी मी दोनदा प्रयत्न केला. काटा निम्म्यावर आला की माझा पाय आपोआप उचलला जायचा.

"उतरा," सुमन म्हणाली. तिचं माहेर खानापूरकडचं. लग्नाआधी ती वडिलांचा दुधाचा टेम्पो चालवायची. "भावजींनी सांगितलं, तवा मीबी हुतो की तिथं."

तिनं सीट पुढं ओढली, पदर खोचला आणि गाडी सोडली. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं, कारण डोळे मिटलेले होते. इंजिन किंचाळलं, मागनं काळा लोट निघाला, मग फटाक्यासारखा बार झाला आणि गाडी चढावर उतारासारखी सुटली. डोळे उघडले तर आम्ही तोच उसाचा ट्रॅक्टर मागं टाकत होतो. सुमननं हात बाहेर काढून विचारलं, "दोर टाकू काय?"

रविवारी अण्णा आला. आम्हा दोघांना घेऊन त्यानं कणकुंबीचा रस्ता धरला. (मागच्या सीटवर मी पाय पोटाशी घेऊन.) चढाला गाडी गर्जत गेली. वर पोचल्यावर त्यानं डोळे पुसले. मलाही भरून आलं.

"मी सोडून गेल्तो तवापेक्षा ब्येस पळतीया. कुणी चालवली रं?"

"मीच की," मी म्हणालो. "रोज. लाल रेषेपर्यंत."

सकाळी गाडीत बसताना अण्णाचे गुडघे स्टिअरिंगला टेकले होते आणि सीट त्यानं वीतभर मागं सारली होती. मी तर त्याच्यापेक्षा चार बोटं उंच. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग सुमनकडं बघितलं आणि गालात हसला.

महिन्यानं परत जाताना त्यानं किल्ली सुमनच्या हातात दिली. धाकट्या भावाला अगदीच रिकाम्या हातानं कसं सोडायचं, म्हणून त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि मला गाडीवरची गोधडी दिली.