जागच्या जागी पुसद

कापसाची पहिली वेचणी सुरू होती. मी शेताच्या धुऱ्यावर उभा होतो, तेवढ्यात भाभींचा फोन आला. "मास्तर, हे गेले…" एवढंच त्या बोलल्या. त्यांचा नवरा आणि माझा दोस्त युसूफ पहाटे झोपेतच गेला होता. मी मात्र वेडपटासारखा एकच विचार करत राहिलो, की थंडी पडायला आता पंधराच दिवस उरले होते आणि मग आमचा मोसम सुरू झाला असता.

आमचा मोसम म्हणजे थंडीतली सायकल, तीही बंद खोलीतली. युसूफचं दिग्रसला सायकल दुरुस्तीचं दुकान. तरुणपणी काही वर्षं त्यानं जिनिंग कारखान्यात काढली, तेव्हा कापसाची धूळ छातीत बसली ती बसलीच. तरी दर हिवाळ्यात थोरल्या बहिणीला, आपांना, भेटायला तो सायकलनं पुसदला जायचा. साठी ओलांडली, दम लागू लागला आणि डॉक्टरांनी गार हवेत सायकल बंद केली. व्यायाम करा, पण घरात, म्हणाले. दुसरा कुणी असता तर अंगणात चार येरझाऱ्या घालून बसला असता. यानं दुकानामागच्या खोलीत लोखंडी घोडी ठोकली, तिच्यावर सायकलचं मागचं चाक अधांतरी चढवलं, चाकाला डायनामो लावला आणि समोरच्या भिंतीवर बल्ब. "लाल म्हणजे पाय झोपले. पिवळा म्हणजे चालू. पांढरा झाला का समज पुसद आलं." मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पण इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नाही.

सकाळी मफलर गुंडाळून मी जायचो. माझं काम घड्याळ धरायचं. तीन मिनिटं जोर, दोन मिनिटं सैल, पुन्हा तीन मिनिटं जोर. खोलीत रबराचा आणि ग्रीसचा वास, बाहेर धुकं, आणि युसूफ डोळे मिटून रस्ता सांगत असायचा… "पऱ्हाटी पाहा, दोन्हीकडून कापसानं पांढरी झाली… आता नाला… आता चढ लागते, बोलू नको." मग खरोखरच चढावर लागावी तशी त्याला धाप लागायची. मीही डोळे मिटायचो. भिंती कुठे जायच्या कोण जाणे. गालांना वारा लागायचा, बाभळी मागे सरकायच्या आणि घड्याळाकडे पाहायचं राहूनच जायचं. "मास्तर, किती झाले?" तो ओरडायचा. मी आपलं अंदाजपंचे ठोकून द्यायचो.

गेल्या हिवाळ्यात मात्र बल्ब काही केल्या पिवळ्याच्या पुढे जाईना. संक्रांत तोंडावर आली तरी नाही. युसूफनं डोळे मिटून रस्ता सांगणंही सोडलं. मला ते पाहवेना, म्हणून मी नको तो उद्योग केला. एका सकाळी त्याच्याआधी खोलीत शिरलो आणि कमी जोरात उजळणारा छोटा बल्ब लावून टाकला. त्या दिवशी भिंत पांढरीशुभ्र झाली. युसूफ खाली उतरला आणि भाभींना हाक मारून म्हणाला, "आपाले फोन लाव. जुम्म्याच्या दुसऱ्या दिवशी सायकलनं निघतो म्हणाव."

चार दिवस गिळून बसलो, पाचव्या दिवशी सांगून टाकलं. "युसूफ, बल्ब मी बदलला. तू जाऊ नको रे."

तो फडक्यानं चेन पुसत राहिला. "सारी जिंदगी सायकली दुरुस्त करून राह्यलो. मले बल्ब नाही ओळखू येत?"

"मंग बोलला काहून नाही?"

"तू इतक्या थंडीत येऊन राह्यलता… अन् मले बी तो पांढराच पाह्यचा होता." मग फडकं खाली ठेवून म्हणाला, "जाऊ दे ना मले. इथंच बसल्या बसल्या दम संपला तं मंग?"

त्या संध्याकाळी मी स्कूटरमध्ये पेट्रोल भरून आणलं.

शनिवारी ऊन चढल्यावर तो निघाला, मागे स्कूटरवर मी. निम्म्या वाटेवर एका कडुनिंबाखाली उतरला, तो पुन्हा चढला नाही. ओठ निळसर पडले होते. घाबरून मी पुसदला आपांना फोन केला. बऱ्याच वेळानं समोरून आलेली एसटी थांबली आणि आपा डबा सांभाळत उतरल्या. "निकम्म्या, अर्धाच आला?" म्हणाल्या आणि ओढणीनं त्याचं तोंड पुसलं. तिथंच सावलीत आम्ही तिघं जेवलो. परतताना सायकल टेम्पोत चढवली. युसूफ तिच्याशेजारी हँडल धरून बसला होता.

आता थंडी पडली आहे. मला फार एकटं वाटतं. एक दिवस न राहवून भाभींना विचारलं, सायकलवर जरा बसू का. "बसा," म्हणाल्या, "पण बल्ब मोठाच लावा." म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं तर! तेव्हापासून रोज जातो. घड्याळ धरायला कुणी नाही. डोळे मिटले की मला रस्ता दिसत नाही, नुसती त्याची धाप ऐकू येते… बल्ब अजून लालच आहे. काल आपांचा फोन आला. भाभींनीच त्यांच्या कानावर घातलं असणार.

"मास्तर, कवा निघता दिग्रसहून?"

"दिग्रसहून नाही, आपा," मी म्हणालो. "कडुनिंबापासून निघतो. तिथवर तं तो येऊनच गेला."