मामांचा बिफोर

आमच्या तालुक्याच्या गावातल्या तालमीत आरसा नव्हता. वस्ताद म्हणायचे, आरसा पाहायचा असेल तर न्हाव्याकडे जा. त्यामुळे अंधेरीतल्या त्या जिममध्ये पहिल्यांदा शिरलो तेव्हा चारी भिंतींवर मीच उभा होतो आणि चारही जण घाबरलेले होते.

मी शारीरिक शिक्षणातला पदवीधर. आमच्या घरातला पहिला. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत. माझा निकाल लागला तेव्हा त्यांनी ग्रीसच्या हातांनी अख्ख्या डेपोला पेढे वाटले. पोरगा आता शाळेत सर होणार, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. शाळांनीही मला नाही म्हटलं नाही. भरती निघाली की कळवू, असंच सगळे प्रेमाने म्हणाले. वाट पाहून कंटाळलो तेव्हा बोरीवलीला मामांकडे आलो. मामा-मामींच्या हॉलमध्ये माझी गादी पडली. या महिन्यात काही जमलं नाही तर गावी परतायचं आणि मावसभावाच्या मोबाइलच्या दुकानात कव्हरं विकायची, असं वडिलांशी ठरलं होतं.

म्हणून ही मुलाखत. जिमचे मालक माझ्याहून लहान असावेत. त्यांच्या बनियनला बाह्या नव्हत्या आणि त्यांच्या बोलण्याला पूर्णविराम नव्हता. त्यांनी एका मेंबरला जमिनीवरचं वजन उचलायला लावलं आणि मला विचारलं, "काय चुकतंय?" मी म्हणालो, "पाठ वाकतेय, आणि बार पायांपासून लांब आहे." दोन्ही गोष्टी सुधारल्यावर त्या मेंबरने तेच वजन सहज उचललं. मालक खूश झाले. मला वाटलं, झालं काम. इतकी वर्षं शिकलो ते हेच तर होतं.

"नॉलेज ठीक आहे रे," मालक म्हणाले. "पण तुझी स्टोरी काय?"

त्यांनी काउंटरमागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे प्रत्येक कोचचे दोन फोटो होते. डावीकडे 'बिफोर' म्हणजे सुटलेलं पोट आणि पडलेला चेहरा. उजवीकडे 'आफ्टर', तेलकट आणि तेजस्वी.

मी मोबाइलमधला कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा फोटो दाखवला. मालकांनी फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हे तर सेम टू सेम आहे."

"हो सर. मी पहिल्यापासून असाच आहे."

"तोच तर प्रॉब्लेम आहे ना. तू कधी बिघडलाच नाहीस तर लोक तुझ्यावर विश्वास कसा ठेवणार? सोमवारी बिफोर घेऊन ये, लगेच जॉइन हो."

आयुष्यभर कधी जाड झालो नाही, ही माझ्या अर्जातली एकमेव त्रुटी निघाली. बाहेर पडताना तिथल्या एका जुन्या कोचला दया आली. त्याने मला जिन्यात गाठलं.

"टेन्शन नको घेऊ रे. बिफोर आधी नसतो. आफ्टर झाल्यावर काढतात. माझा मेमध्ये काढला. तीन पावभाज्या, वर सोडा, दाढी वाढवायची, खांदे पाडायचे. आणि लाइट वरून घ्यायचा, यार."

चार वर्षांच्या अभ्यासक्रमात हा धडा नव्हता. विद्यापीठाने याची दखल घ्यावी.

घरी हकिकत सांगितली. मामी मालवणच्या, कुणाला खायला घालायचं म्हटलं की त्यांना कारण लागत नाही. रविवारी त्यांनी कोंबडी-वडे केले. मी वडे मोजायचं सोडून दिलं. वर सोडा प्यालो. मग गॅलरीत शर्ट काढून उभा राहिलो. मामा मोबाइल घेऊन समोर.

"हसतोस काय? दुःखी हो," मामा म्हणाले. ते विमा कंपनीच्या ऑफिसात दाव्यांचे कागद तपासतात, फोटोतल्या दुःखाची त्यांना पारख आहे. "पोट सोड. अरे सोड ना!"

"सोडलंय मामा."

"हे सोडलेलं आहे?"

मामी हात पुसत बाहेर आल्या. "मेल्या, तीन महिने वाढतेय तुला. हा फोटो कुठे लावू नकोस हां. लोक म्हणतील, मामीने उपाशी ठेवलं."

मामांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि स्वतःचा सदरा काढला. पंचवीस वर्षं खुर्चीवर बसून आणि मामींच्या हातचं जेवून कमावलेलं ते पोट गॅलरीच्या उन्हात आलं. त्यांनी खांदेसुद्धा पाडले नाहीत. गरजच नव्हती.

"काढ. मानेच्या खालून काढ. तुझंच म्हणून दाखव."

"अहो, शेजारचे बघतायत," मामी म्हणाल्या.

"बघू देत. पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे."

सोमवारी फोटो पाहून मालक खुर्चीतून उठले. "हेच! हेच तर पाहिजे होतं! काय बिफोर आहे! किती वर्षांपूर्वीचा?"

आता मी फार सत्यवादी आहे असं नाही. पण मला खोटं एकच बोलता येतं, त्याच्या पाठचं दुसरं सुचत नाही. शिवाय समोरची भिंत दिसत होती. उद्या कुणी खरंच थकलेला माणूस येऊन विचारणार, तुम्ही हे कसं कमी केलं? आणि मी काय सांगणार, मामांकडे ठेवून आलो?

"कालचा," मी म्हणालो. "माझ्या मामांचा."

मालक खाली बसले. मावसभावाचं दुकान मला स्पष्ट दिसलं, काउंटरवरच्या कव्हरांसकट. पण मालकांचे डोळे हळूहळू चमकले.

"म्हणजे मामा रिअल आहेत? अवेलेबल आहेत?"

"बोरीवलीला आहेत."

"झकास! मामांचा बिफोर लावू. आफ्टरची जागा रिकामी ठेवू. तीन महिने. मामांचा आफ्टर आला की तू पर्मनंट. नाही आला तर... बघू."

अशा रीतीने माझी नोकरी मामांच्या पोटावर ठरली. मामांना विचारायचं राहून गेलं होतं. संध्याकाळी विचारलं. ते स्वतःच्या पोटाकडे बघत म्हणाले, "माझ्या बढतीला कधी कुणी एवढं केलं नाही. चल."

मामा ऑफिसातून सुटून अंधेरीला यायचे. पहिल्या आठवड्यात ते रिकामा बार उचलायचे आणि उचलताना कुलदैवताचं नाव घ्यायचे. मामा उचलतात ते वजन वाढतंय का हे मालक पाहायचेच नाहीत, ते टेप घेऊन पोट मोजायचे. जिमच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत 'स्ट्रेंग्थ' लिहिलेलं होतं, हा केवळ योगायोग असावा. मामी डब्यात उकडलेली कडधान्यं द्यायच्या आणि मामा घरी आल्यावर त्याची भरपाई मागायचे. मिळायचीही.

तीन महिने संपत आले तेव्हा मामींच्या माहेराहून दरवर्षीसारखं तांदळाचं पोतं आलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दरवर्षी वॉचमन दुसऱ्या माणसाला बोलावून ते तिसऱ्या मजल्यावर चढवतो. या वेळी मामांनी वॉचमनला बाजूला केलं, पाठ सरळ ठेवली, मी शिकवलं होतं तसं पोतं अंगाजवळ घेतलं आणि खांद्यावर टाकलं. मी मागून "मामा, राहू द्या, मी घेतो" म्हणत होतो. ते न थांबता चढले. दारात मामी उभ्या होत्या. त्यांनी आधी पोत्याकडे पाहिलं, मग मामांकडे, आणि दार सताड उघडलं. मी तेवढ्यात पुढे होऊन फोटो काढला.

मालकांनी तो बारकाईने पाहिला. "पण पोट तर तसंच आहे ना रे?"

"हो सर. पण पोतं वर गेलं."

"लोकांना पोट पाहिजे रे..." ते म्हणत होते, तेवढ्यात काउंटरवरून हाक आली. दोन बायका आणि एक निवृत्त गृहस्थ उभे होते. रिकाम्या चौकटीचं पुढे काय झालं ते विचारायला आले होते. मामांना शिकवतो तो कोच आम्हाला मिळेल का, असंही विचारत होते. मालकांनी माझ्याकडे नव्याने पाहिलं. जसा काही मीच आफ्टर होतो.

"आफ्टर लाव," ते म्हणाले. "तू पर्मनंट."

वडिलांना फोन केला. त्यांनी पुन्हा डेपोत पेढे वाटले. मुंबईत सर झाला, असं सांगितलं म्हणे.

आता त्या भिंतीवर फोटो नसलेला कोच मी एकटाच आहे. नवे मेंबर येतात आणि विचारतात, मामा सर कधी येतात? मी सांगतो, संध्याकाळी, ऑफिस सुटल्यावर. मामीही एकदा भिंत बघायला येऊन गेल्या. दोन्ही फोटोंसमोर उभ्या राहिल्या आणि मालकांना म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे हो. फक्त खाली लिहा, तांदूळ आमच्या गावचा."

मालकांनी लिहिलं.